दोनशे आठव्या पानानंतर

वाचनालयात एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला लोक हटकून एक गोष्ट म्हणतात. "तुम्ही तर सगळीच पुस्तकं वाचली असतील!" हे मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे नुसती हसायचे. त्या हसण्याचा अर्थ लोक 'हो' असा घ्यायचे आणि मी तो घेऊ द्यायचे.

खरं सांगायचं तर वाचायला वेळ नसतो. आमचं वाचनालय भडगावजवळच्या एका मोठ्या खेड्यात, गिरणा नदीच्या अंगाला. दोन खोल्या, एक पत्र्याचा व्हरांडा आणि माणूस एकच, मी. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक द्यायचा. ठरलेल्या पानावर शिक्का मारायचा, म्हणजे पहिलं पान फाडून कुणी 'हे माझंच' म्हणालं तरी आतला शिक्का बोलतो. मागे तारखांची चिठ्ठी चिकटवायची. कसर लागली का बघायचं, वाळवीवर लक्ष ठेवायचं, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवून ठेवणाऱ्या मास्तरांशी रोज भांडायचं. या सगळ्यात पुस्तकाची पाठ तेवढी ओळखीची होते. मला अंधारातही कुठलं पुस्तक कुठल्या कप्प्यात आहे ते सांगता आलं असतं. आत काय आहे ते मात्र विचारू नका.

वाचक तऱ्हेतऱ्हेचे. एक काका रहस्यकथेच्या दहाव्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचे. पुढच्या वाचकाचा वेळ वाचावा, एवढाच त्यांचा हेतू. एक काकू पुस्तक न्यायच्या आणि परत आणायच्या तेव्हा त्यात खूण म्हणून कढीपत्त्याची काडी असायची. आणि एक निवृत्त साहेब होते, ते प्रत्येक पुस्तक परत करताना एकच वाक्य बोलायचे, "शेवट छान जमलाय." या साहेबांची आठवण ठेवा, एवढ्यात लागणार आहे.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. निवृत्त होण्याआधी वसुली करायची म्हणून, परत न आलेल्या पुस्तकांच्या वाचकांना मी कार्डं पाठवत होते. त्यातलं एक गेलं किशोर पाटीलला. हा शेजारच्या गावचा मुलगा, शाळेत असल्यापासूनचा आमचा सभासद. आता तो मुलगा राहिलेला नाही, पस्तिशीचा आहे. सैन्यात नर्सिंग असिस्टंट, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली मलमपट्टी, इंजेक्शन, सलाईन बघणारा. आठ महिन्यांपूर्वी सुट्टीवर आला असताना त्यानं एक जुनी कादंबरी नेली होती आणि ती परत आली नव्हती.

कादंबरीचं नाव मी लिहीत नाही. ते लिहिलं की बरेच जण म्हणतील, "हो हो, वाचलीय," आणि बहुतेकांनी ती वाचलेली नसेल. मीही कितीतरी वर्षं तेच म्हणत होते. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी परक्या भाषेतून मराठीत आणलेली, थोरामोठ्यांनी नावाजलेली. डोंगरातलं एक गाव, मोठी माणसं नदीपलीकडे बाजाराला गेलेली, पूर येऊन पूल वाहून जातो आणि अलीकडे सात मुलं एकटी उरतात. त्यांना हिवाळा काढायचा आहे. एवढंच मला माहीत होतं, तेही प्रस्तावनेवरून.

कार्ड मिळाल्यावर चौथ्या दिवशी किशोरची आई वाचनालयात आली. तिला सगळा गाव अक्का म्हणतो. हातात कार्ड होतं, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू मी तिच्या मुलावर फिर्याद केली.

"ताई, हाई कार्ड तुम्ही धाडं का?"

"हो अक्का. पुस्तक घरी असेल तर देऊन टाका, एवढंच."

"पुस्तक घर नई शे. किशोरनाजोडे शे, तठे." तिनं हात उत्तरेकडे केला. "तठे तोफा चालू शेत. बठ्ठा पोरे खड्डामा बसतस, आनि मना किशोर त्यासले पुस्तक वाची दखाडस. तुम्ही ते पुस्तक मांगू नका वं माय."

पुस्तक किशोरजवळ आहे, तिकडे तोफा चालू आहेत, मुलं खड्ड्यात बसतात आणि किशोर त्यांना पुस्तक वाचून दाखवतो. मला आधी नीट कळलंच नाही. मी अक्काला पाणी दिलं, बसवलं, आणि तिच्याकडून नंबर घेऊन किशोरला फोन लावला. लागला नाही. संध्याकाळी मी निघायच्या बेतात असताना त्याचाच आला.

"बाई, दंड लावा, पण पुस्तक एवढ्यात मिळणार नाही," तो म्हणाला. आवाज मोकळा होता. मग त्यानं सांगितलं. कुठे आहे ते त्यानं सांगितलं नाही, ते सांगायचं नसतं. सीमेवरचं एक छोटं गाव. काही आठवड्यांपासून पलीकडून तोफगोळे येत होते, इकडून जात होते. शाळा बंद. गावात सरकारनं बांधलेला एक बंकर होता, जमिनीखालची सिमेंटची खोली. भोंगा वाजला की बायका-मुलांनी त्यात जायचं. तिथे कुणाला काही झालं तर बघायला किशोरची नेमणूक होती. मुलं पंधरा-वीस, चार-चार तास आत.

"पहिले दोन दिवस रडारड. तिसऱ्या दिवशी काय करावं सुचेना म्हणून पिशवीतून हे पुस्तक काढलं. माझ्यासाठीच काढलं होतं. एक मुलगी म्हणाली, मनात काय वाचताय, मोठ्यानं वाचा."

"मराठीत?"

"मराठी बघत हिंदीत बोलतो. घोटाळे होतात. पहिल्या प्रकरणात एका मुलाला शिक्षा होते, तर मी म्हटलं, 'उसको शिक्षा मिली.' मुलं खूश. त्यांना वाटलं, त्याला शाळेत घातलं."

त्या मुलीचं नाव गुलशन. वय अकरा. तिच्या घरच्या चार बकऱ्या होत्या आणि गोळा पडला की ती बकऱ्यांसाठी बंकरमधून बाहेर पळायची. दोनदा किशोरनं तिला दंडाला धरून आत ओढलं होतं. पुस्तक सुरू झाल्यापासून ती पळत नव्हती. बाहेर धडाका झाला की बाकीची मुलं कानांवर हात ठेवायची आणि ही किशोरकडे बघून म्हणायची, "आगे?"

मी विचारलं, मुलांना या गोष्टीतलं एवढं काय आवडतं? अशा वेळी हसवणारं काही बरं नाही का? तर किशोर म्हणाला, "हसवून बघितलं, बाई. विनोद सांगितला की मुलं माझ्याकडे संशयानं बघतात, काही लपवतोय असं त्यांना वाटतं. या पुस्तकातली मुलं मात्र पीठ किती उरलं ते मोजतात, सरपणावरून भांडतात, मोठी माणसं कधी येतील ते कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे इथल्या पोरांना ती खरी वाटतात. आता इथेही पाण्याची पाळी तशीच लावलीय, पुस्तकातल्यासारखी. आणि भांडणंही तशीच चालतात."

मग तो म्हणाला, "पण बाई, एक गडबड आहे. पुस्तकाचा शेवटच नाही."

"पानं फाटलीत?"

"पानं आहेत. दोनशे आठव्या पानावर सगळ्यात धाकटा मुलगा होडीचा दोर हातात घेतो. पान उलटलं, दोनशे नऊवर लिहिलंय, 'चांगले कुजलेले शेणखत मिसळावे.'"

"शेणखत?"

"तिथून शेवटापर्यंत केळीची लागवड आहे. मी थबकलो, तर मुलं ओरडायला लागली, आगे, आगे. मग काय, दोन दिवस केळी सांगितली. त्यांनी केळीचं झाड बघितलेलं नाही. एका झाडाला एकदाच घड येतो, हे ऐकून गुलशन म्हणाली, ये तो नाइन्साफी है. पण आता केळी पुरे झाली त्यांना. रोज विचारतात, धाकट्याचं काय झालं? काहीतरी करा, बाई."

पुस्तकांच्या धंद्यात हा अपघात कसा होतो ते सांगते. पुस्तक छापतात ते सुट्या पानांनी नाही, तर मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम. त्या कागदाची घडी म्हणजे एक फर्मा. असे फर्मे एकापुढे एक ठेवून शिवले की पुस्तक होतं. वाचनालयातलं पुस्तक खिळखिळं झालं की बांधणारा जुनी शिवण उसवतो, फर्मे सुटे करतो, पुन्हा शिवतो, नवा पुठ्ठा घालतो. एका वेळी शंभर पुस्तकं त्याच्यासमोर उघडी पडलेली असतात. दोन पुस्तकं एकाच आकाराची असली, आणि दोघांचाही शेवटचा फर्मा चौदावा असला, तर पान दोनशे नऊ इथेही येतं आणि तिथेही येतं. आकडे जुळतात, मजकूर जुळत नाही. आणि मजकूर बघणं बांधणाऱ्याचं काम नसतं. ते माझं काम होतं. बांधून आलेलं प्रत्येक पुस्तक चाळून घ्यायचं असतं. मी पाठीवरचा क्रमांक बघून कप्प्यात ठेवलं होतं.

मी जुन्या नोंदी काढल्या. बांधून आल्याला अकरा वर्षं झाली होती. त्या काळात किशोरच्या आधी सात जणांनी ती कादंबरी नेली होती. सातांपैकी एकानंही, शेवटी शेणखत आहे, असं सांगितलं नाही. त्या सातांत आपले साहेबही होते. शेवट छान जमलाय.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि धरणगावची गाडी पकडली. आमची बांधणी तिथले रशीदभाई करतात. सत्तरी ओलांडलेली, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

"बाई, टाका माझा आहे म्हणजे चूक माझी आहे," ते म्हणाले.

"आणि तपासलं नाही ती माझी."

"ते तुमचं तुम्ही बघा." ते कपाळाला हात लावून बसले. मग एकदम विचारलं, "कापड कोणतं होतं पाठीला?"

"हिरवं."

"बस्स. हिरवं कापड मी एकाच वर्षी आणलं होतं, पुन्हा नाही, रंग जायचा त्याचा. त्या वर्षी तुमच्याबरोबर यावल तालुक्यातलं एक वाचनालय होतं. केळीचं पुस्तक दुसऱ्या कुणाचं असणार? जा, तिथेच असेल तुमचा फर्मा." आणि मी उठल्यावर म्हणाले, "बंकरमधली मुलं कोणत्या भाषेची?"

मी म्हटलं, त्यांची बोली वेगळी, पण हिंदी समजतं, काही जण उर्दू शिकतात.

"शेवट मिळाला की मला आणून द्या. मी लिहून देतो उर्दूत. सोळा पानांचा तर प्रश्न आहे."

जळगावला गाडी बदलून मी दुपारी यावलच्या पुढे पोचले. त्या वाचनालयातला ग्रंथपाल तरुण आणि नीटनेटका होता. त्यानं नोंदवही काढली आणि ओशाळला. केळीचं पुस्तक नऊ वर्षांपूर्वी एका शेतकऱ्यानं नेलं होतं. नानांनी. नाना परत देत नाहीत, आणि त्यांच्याकडे मागायला आता कुणी जातही नाही. "ते म्हणतात, अजून वाचून झालं नाही," तो म्हणाला आणि मला त्याच्या मोटारसायकलवर नानांच्या बागेत सोडून गेला.

बाग सातपुड्याच्या पायथ्याला. नाना एका खाटेवर बसून ठिबकच्या नळीतली माती काढत होते. मी केळीच्या पुस्तकाचं नाव घेताच त्यांनी हात पुसले.

"शेवटचे सोळा पानं पाह्यजे का तुमाले?" त्यांनी विचारलं.

मी चकित झाले. "तुम्हाला कसं माहीत?"

"नऊ वर्सं झाले, मी वाट पाहू ऱ्हायलो, का कोनीतरी ईल अन् इचारीन." ते झोपडीत गेले आणि हिरव्या पाठीचं पुस्तक घेऊन आले. पुढची दोनशे पानं कोरी करकरीत होती. मागची सोळा हाताळून मऊ पडलेली, कडा काळवंडलेल्या. "केळी मले काय शिकवतीन हे लोकं? ते मी एकदाच पाह्यलं. पन हे मागचं दहा-पंधरा खेपा वाचेल हाये. सहा लेकरं नदीतून पार जातात. अन् सगळ्यात लहाना मांगं ऱ्हातो, दोर धरून. बाई, मले एक सांगा. एवढ्या लहान्या लेकराच्या हाती दोर कोनी देला? काहून देला? माय-बाप कुठी होते त्याचे?"

ते माझ्याकडे बघत होते. ते पुस्तक अकरा वर्षं माझ्या टेबलापासून हाताच्या अंतरावर होतं. त्याच्या आधीही कितीतरी वर्षं. आणि मी म्हणाले, "नाना, मला माहीत नाही. मी वाचलेलं नाही."

"तुमी पुस्तकवाल्या बाई ना?"

"हो."

त्यांनी पाणी आणून दिलं. एकतीस वर्षांत मला इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोरही नाही.

नानांनी पानं काढून द्यायला नकार दिला, पण फोटो काढू दिले. पुस्तक त्यांनी स्वतः धरलं, एकेक पान सपाट करून. तिथेच खाटेवर बसून मी ती सोळा पानं वाचली. सहा मुलं होडीतून पलीकडे पोचतात. होडी प्रवाहात जाऊ नये म्हणून धाकटा अलीकडे दोर धरून उभा असतो. दोर तुटतो. पाणी चढतं. पलीकडे आई-वडील मुलांना कवटाळतात आणि मोजतात, सहा. पुढचं दीड पान थोडं लगबगीनं वाचलं मी. डोळे भरले होते. फोटो किशोरला पाठवून दिले आणि नानांना वचन दिलं, की या गोष्टीचा पुढचा भाग, म्हणजे सुरुवात, मी तुम्हाला आणून देईन.

दोन दिवस किशोरचं उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. आवाज बसलेला होता.

"बाई, पानं मिळाली. वाचली. मुलांना नाही वाचून दाखवली."

"का?"

बंकरमधल्या मुलांत अश्फाक नावाचा एक नऊ वर्षांचा मुलगा होता. गोळीबार थांबलाय असं वाटून तो झऱ्यावर पाणी आणायला गेला. पाण्याची पाळी त्याची होती. गोळा झऱ्याजवळ पडला. किशोरनं त्याचा पाय बांधला, त्याला खाली शहरातल्या इस्पितळात पाठवलं. पाय राहील की नाही, मुलगा राहील की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं.

"ती पाण्याची पाळी मी लावली होती, बाई. या पुस्तकावरून. आणि आता या पोरांना मी वाचून दाखवू, की सहा पोचली आणि धाकटा राहिला? मी बदलून सांगतो. सातही पोचली म्हणतो. सांगू ना?"

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पुस्तकाच्या पानावर पेननं रेघ मारली तरी वाचकांवर डाफरणारी मी, मी म्हणाले, "सांग. बदलून टाक." मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही आणि आजही मी तेच म्हणाले असते की नाही, ते ठरवता येत नाही.

फोन ठेवला आणि मला राहवेना. मी नानांना फोन केला. सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते.

"बाई, तो मेला आसं कुठी लिहेल हाये?"

"म्हणजे?"

"शेवटचं पान तुमी वाचलं का नाई? सकाळी नदीच्या त्या आंगाले धूर दिसतो. त्याची माय तो धूर पाहत हुभी ऱ्हाते. अन् पुस्तक सरते. धूर कोनी केला? मी नऊ वर्सं ह्याच्यावर इचार करू ऱ्हायलो. त्या पोराले सांगा, काही बदलू नको. शेवटचं पान हळू वाच म्हना. तुमी घाई केली तशी करू नको."

मी पुन्हा फोटो उघडला. धूर होता. दोन ओळींत. मी तो ओलांडून गेले होते.

मी लगेच किशोरला फोन लावला, लागला नाही. निरोप लिहून ठेवला. तो त्यानं नंतर वाचला. मधल्या वेळात जे झालं ते त्यानं मला सुट्टीवर आल्यावर, वाचनालयाच्या व्हरांड्यात बसून सांगितलं.

भोंगा वाजला, मुलं आत आली. किशोरनं फोन उघडला आणि सांगितलं, आज शेवट. मुलं सरकून जवळ बसली. अश्फाक जिथे बसायचा तिथे कुणी बसलं नाही. किशोरनं सुरुवात केली, धाकट्यानं दोर धरला, होडी निघाली, आणि मग स्वतःच्या मनानं सांगू लागला, की दोर भक्कम होता, होडी परत आली, धाकट्याला घेऊन गेली. गुलशन उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आप पढ़ नहीं रहे," ती म्हणाली. "आपकी आँखें नहीं हिल रहीं."

इतके दिवस ती त्याचे डोळे बघत होती. ओळीवरून ओळीवर जाणारे. आज ते फोनवर एकाच जागी होते.

"जो लिखा है वही पढ़ो," ती म्हणाली. "हम छोटे नहीं हैं."

मग किशोरनं पहिल्यापासून वाचलं, जसं होतं तसं. दोर तुटला तेव्हा एका लहान मुलीनं रडायला सुरुवात केली, तिला तिच्या बहिणीनं मांडीवर घेतलं. आईनं मुलं मोजली तेव्हा कुणीच हललं नाही. धूर आला आणि गोष्ट संपली.

"मला वाटलं, आता सगळी रडतील," किशोर म्हणाला. "तर भांडण सुरू झालं, बाई. असं भांडण! एक म्हणे, धूर धुक्याचा असेल. दुसरा म्हणे, वीज पडून झाड पेटलं असेल. गुलशन म्हणे, धुक्याला धूर कोण म्हणेल, त्याच्याकडे काडेपेटी होती, पाचव्या प्रकरणात त्यानं लपवून ठेवली होती, आठवत नाही का? मग पाचवं प्रकरण पुन्हा काढायला लावलं. काडेपेटी होती. मी स्वतः विसरलो होतो. बाहेर तोपर्यंत सगळं शांत झालं होतं आणि मुलं बाहेर जायला तयार नव्हती, भांडण अर्धं राहिलं होतं म्हणून."

निघताना गुलशननं किशोरला सांगितलं, अश्फाकला इस्पितळात निरोप पाठवा, की शेवट आलाय, पण तो परत येईपर्यंत आम्ही त्याला सांगणार नाही. तो निरोप किशोरनं खरंच पोचवला. इस्पितळातला त्याचा ओळखीचा एक जण अश्फाकजवळ जाऊन बोलला. मुलगा शुद्धीवर होता आणि म्हणे खूप चिडला.

काही दिवसांनी तोफा थांबल्या. शाळा उघडली. अडीच महिन्यांनी अश्फाक कुबडीवर परत आला. पाय वाचला, गुडघा वाकत नाही. झऱ्याचं आणि पाळीचं किशोर अजून विसरलेला नाही, ते बोलताना तो हाताची नखं बघत बसतो. मी त्याला समजावायला गेले नाही. अश्फाकनं आल्या आल्या शेवट ऐकला, आणि तो धुक्याच्या बाजूचा निघाला. त्यामुळे ते भांडण अजून चालू आहे.

रशीदभाईंनी बोलल्याप्रमाणे सोळा पानं उर्दूत उतरवली. फोनवर मी मराठी सांगत गेले, ते लिहीत गेले, अडलं तिथे थांबून, या शब्दाला मुलांच्या तोंडचा शब्द कोणता, याचा विचार करत. चार आठवडे लागले. त्याची छोटी वही करून त्यांनी ती शिवली आणि किशोरबरोबर पाठवली. कादंबरी मी तिकडे मुलांजवळच राहू दिली आणि इथे बाद पुस्तकांच्या यादीत घातली. कारणाच्या रकान्यात 'सतत वापरामुळे' असं लिहिलं. तिथे बहुतेक वेळा खोटं लिहावं लागतं, या वेळी नाही.

आणि मी ती वाचली. निवृत्तीनंतर धुळ्याच्या एका मोठ्या ग्रंथालयात अखंड प्रत मिळाली. तिथेच बसून, तीन दिवस जाऊन येऊन, पहिल्या पानापासून. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मला स्वतःचा राग आला. एवढी गोष्ट इतकी वर्षं कप्प्यात ठेवून मी त्या कप्प्यावरची धूळ पुसत होते.

नानांना दिलेलं वचन राहिलं होतं. प्रत धुळ्याहून बाहेर नेऊ देत नव्हते. मी म्हटलं, मी येऊन सांगते. नाना म्हणाले, तुमी कशाले, ज्यायनं ती बंकरात आयकली त्यायच्याकडून आयकीन. किशोरनं तिकडच्या शाळेतल्या मास्तरांशी बोलून तेही जमवलं. दर रविवारी सकाळी त्या गावातून नानांना फोन येतो. मुलं एकेक प्रकरण सांगतात, गुलशन मुख्य, बाकीची मधून मधून तिला खोडून काढतात. नाना खाटेवर फोन ठेवून ऐकतात. तिसऱ्या प्रकरणापर्यंत त्यांना त्यांचं उत्तर मिळालं. दोर त्याच्या हाती कुणी दिला नव्हता. सगळ्यांत चांगली गाठ त्यालाच मारता यायची, म्हणून सुरुवातीला कामं वाटतानाच तो त्यानं मागून घेतला होता.

"मांगून घेतला," नाना मला म्हणाले. "हे म्या कधी मनातच नाई आनलं."

चौथ्या रविवारी मी मुद्दाम यावलला गेले. केळीच्या सावलीत आम्ही दोघं बसलो होतो. फोन आला. नानांनी मुलांना सांगितलं, आज पुस्तकवाल्या बाई आल्यात. पलीकडे कुजबुज झाली, मग गुलशनचा आवाज आला, थेट मला. नमस्ते वगैरे झालं. तिनं विचारलं, तुमच्याकडे बंकर कसा आहे, मोठा की छोटा?

मी सांगितलं, आमच्याकडे बंकर नाही. लागत नाही.

तिला ते पटेना. ती म्हणाली, "तो फिर आपके यहाँ बच्चे कहानी सुनने कहाँ बैठते हैं?"

नानांनी फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "काय सांगू हिले, बाई?"

मी फोन घेतला. वाचनालयातला बालविभाग माझ्या डोळ्यांसमोर आला. चार छोट्या खुर्च्या, एकावर एक रचून ठेवलेल्या.

"अभी कहीं नहीं बैठते," मी म्हणाले.

"तो बुला लो ना," गुलशन म्हणाली, आणि तिनं चौथं प्रकरण सुरू केलं.